कारण ठाऊक असलेली जखम

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय विचारला तेव्हा मी 'त्वचेचा कॅन्सर आणि त्याचं इतर आजारांशी नातं' असं सांगितलं. तू तर कम्प्युटरवाली, मग एआयवर बोल ना, असा प्रेमळ आग्रह झाला. पण एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. आपण पंचेचाळिशीच्या घरात आलो, आपले आईवडील सत्तरीत आहेत, आणि समोर बसलेले आपले सर आणि बाई त्यांच्याच वयाचे. या मंडपात आज जे बसलेत त्यांच्या उपयोगी पडेल असं काहीतरी बोलावं, एवढाच माझा हेतू. मी डॉक्टर नाही. म्हणून आपल्या वर्गातल्या दोन डॉक्टरांना हा मजकूर आधी वाचायला दिला. त्यांनी शास्त्राच्या बाईंसारखा लाल पेन चालवून तो परत केला. आता जे उरलंय ते वाचते.

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकिनाऱ्यावर ऊन खात पडलेले गोरे लोक येतात. ते अगदीच चूक नाही. ऑस्ट्रेलियात या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे आणि तिथे त्याचं मुख्य कारण ऊन हेच आहे. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य भरपूर असतं. उन्हातले अतिनील किरण ते बरेचसे अडवून धरतं. त्यामुळे भारतात एकूण कॅन्सरमध्ये त्वचेच्या कॅन्सरचा वाटा फार थोडा आहे. इथवर सगळं छान आहे. गडबड पुढे होते. 'आपल्याला कमी होतो' याचा अर्थ आपण 'आपल्याला होतच नाही' असा लावतो, आणि बऱ्याचदा डॉक्टरांच्याही तो चटकन ध्यानात येत नाही.

मग सावळ्या कातडीत तो येतो कुठून? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा इथेच आहे. आपल्याकडे हा कॅन्सर पुष्कळदा उन्हाच्या वाटेने येत नाही. तो दुसऱ्या एखाद्या दुखण्याच्या जागेवर येतो. जुना भाजल्याचा व्रण, वर्षानुवर्षं वाहणारी जखम, सतत घासली जाणारी कातडी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, पाण्यातलं विष. आणि ज्या दुखण्याच्या जागेवर तो येतो, त्याच दुखण्याच्या नावामागे तो लपतो.

याची उदाहरणं आपल्या देशात फार जुनी आहेत. काश्मीरमध्ये थंडीत लोक फेरनच्या आत कांगडी धरतात, म्हणजे वेताच्या टोपलीत बसवलेलं निखाऱ्यांचं मातीचं भांडं. पोट आणि मांड्या वर्षानुवर्षं शेकल्या जातात. त्याच जागी होणाऱ्या कॅन्सरबद्दल श्रीनगरला काम करणारे मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी १८६६ साली लिहिलं. पुढे १९४५मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने आणखी एक प्रकार नोंदवला. धोतर कमरेला रोज एकाच जागी घट्ट आवळल्यामुळे कातडी आधी काळी पडते, मग जाड होते, मग फुटते, आणि क्वचित तिथे कॅन्सर होतो. वैद्यकाच्या पुस्तकांत याला आजही 'धोतीचा कॅन्सर' म्हणतात.

आमच्या मैत्रिणींनी आता हसू नये, कारण पुढची पाळी आपली आहे. २०२४मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी मिळून दोन वयस्कर बायकांची हकिगत प्रसिद्ध केली. एकीच्या कमरेवर परकराची नाडी घट्ट बांधायच्या जागी व्रण झाला होता. तो दीड वर्ष भरला नव्हता. दुसरी परकर न घालता लुगडंच कमरेला आवळून बांधायची. तपासणीत दोघींनाही त्वचेचा कॅन्सर निघाला. आपल्या आईच्या, आजीच्या कमरेवरचा तो काळा पट्टा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो पट्टा म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी सांगते. लाखो बायकांना तो असतो आणि त्यांना काहीही होत नाही. पण त्या पट्ट्यावर जखम झाली आणि ती भरेना, तर 'नाडी काचली असेल' एवढ्यावर ती सोडून देऊ नये.

जुन्या व्रणात कॅन्सर का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. भाजल्यानंतर जो वण राहतो ती खरी कातडी नसते. ते घाईघाईने मारलेलं ठिगळ असतं. त्यात रक्तवाहिन्या कमी असतात, लवचीकपणा कमी असतो. सांध्याजवळ किंवा नडगीवर ते सारखं ताणलं जातं आणि फुटतं. फुटलं की शरीर पुन्हा दुरुस्तीला लागतं, पेशी पुन्हा विभागतात. असं वर्षानुवर्षं चालत राहिलं की केव्हातरी विभागणीत चूक होते. शिवाय अशा जागी शरीराची पहारा देणारी यंत्रणाही नीट पोहोचत नाही. व्रणातल्या अशा जखमेचं वर्णन फ्रेंच शल्यविशारद मार्जोलिन यांनी १८२८मध्ये केलं, म्हणून तिला 'मार्जोलिनचा व्रण' म्हणतात. भाजल्यापासून कॅन्सर होईपर्यंत सरासरी तीस वर्षांच्या आसपास काळ जातो. उन्हाने होणाऱ्या त्याच जातीच्या कॅन्सरपेक्षा हा जास्त आक्रमक असतो आणि गाठींमध्ये लवकर पसरतो.

तीस वर्षं! लहानपणी कोणाचा पाय भाजला होता, हे तीस वर्षांनी कोण लक्षात ठेवतं?

माझ्या आत्याची गोष्ट सांगते. तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग. माझा पाय काही परत यायचा नाही, पण दुसऱ्या कुणाचा राहील."

१९७९ साली, वीस वर्षांची असताना, रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडून तिचा डावा पाय नडगीपासून घोट्यापर्यंत भाजला. तेव्हा कातडी लावायची शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी कुठली व्हायला! बर्नॉल, पट्ट्या आणि देवाची कृपा. पाय बरा झाला, चकचकीत ताणलेला वण राहिला. लग्न झालं, मुलं झाली, शेतावर जाणं-येणं चालू राहिलं. दर हिवाळ्यात वण उलायचा, ती खोबरेल तेल लावायची, आणि तो पुन्हा मिटायचा.

पन्नाशीत तिला मधुमेह निघाला. पंचावन्नाव्या वर्षी वणावर एक चीर पडली आणि ती काही मिटेना. तिने दाखवलं नाही असं नाही. दाखवलं, नियमाने दाखवलं. दर वेळी एकच उत्तर मिळालं, "शुगर आहे ना, जखम भरायला वेळ लागणारच." शुगरच्या गोळ्या वाढल्या, अँटिबायोटिक्स झाली, मलमं बदलली. एक दिवसाआड ड्रेसिंग. शेजारच्यांनी हळद सुचवली, कोणी कोरफड सुचवली. असे चौदा महिने गेले. शुगर आटोक्यात आली, पण जखम वाढत राहिली.

शेवटी तिच्या ड्रेसिंगला एक नवी सिस्टर आली. तिने पट्टी सोडली आणि विचारलं, "मावशी, या जखमेच्या कडा अशा वर कधीपासून आल्या? हात लावला की रक्त येतं का?" तिने डॉक्टरांना बोलावून दाखवलं. जखमेच्या कडेचा बोराच्या बीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. तोवर तो हाडापर्यंत गेला होता. गुडघ्याखाली पाय काढावा लागला, जांघेतल्या गाठीही काढल्या.

आज आत्या सहासष्ट वर्षांची आहे. जयपूर फूट लावून अंगणात फिरते, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे एकूण बरी आहे. शस्त्रक्रियेनंतर तिने सर्जनना विचारलं होतं, "चौदा महिन्यांपूर्वी तुकडा तपासला असता तर पाय राहिला असता का हो?" ते थोडं थांबले आणि म्हणाले, "राहण्याची शक्यता बरीच होती."

कोणाला नावं ठेवायला मी इथे उभी नाही. तिला तपासणारी माणसं बेफिकीर नव्हती, आणि मधुमेहात जखम उशिरा भरते हे तर खरंच आहे. अडचण नेमकी तीच होती. कारण खरं होतं आणि पुरेसं वाटत होतं, त्यामुळे दुसरं कारण कोणी शोधलंच नाही.

इथे माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं 'तिकीट' उघडतात. तक्रार ओळखीची वाटली की त्यावर 'नोन इश्यू', म्हणजे 'माहीत असलेली अडचण', असा शिक्का मारतात आणि ती जुन्या तक्रारीला जोडून टाकतात. काम वाचतं, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण आमच्या क्षेत्रात बावीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. जे बिघाड सर्वांत महागात पडतात ते बरेचदा याच शिक्क्याखाली महिनोन् महिने पडून असतात. ज्या तक्रारीला कारण सापडत नाही, तिच्यामागे सगळे लागतात. जिला कारण आधीच चिकटलेलं आहे, तिच्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ठरलेला उपाय केला आणि ठरलेल्या मुदतीत तक्रार गेली नाही, तर शिक्का काढायचा आणि तिकीट नव्याने उघडायचं.

जखमेलाही हाच नियम लावा. मधुमेह्याच्या पायाची जखम असो, व्हेरिकोज व्हेन्समुळे झालेला घोट्याजवळचा व्रण असो, कुष्ठरोगातून बरं झालेल्या माणसाच्या बधिर तळव्यावरची जुनी जखम असो. या तिन्ही ठिकाणी बहुतेक जखमा साध्याच असतात. पण या तिन्ही ठिकाणी कॅन्सर सापडल्याच्या नोंदी आहेत, आणि तिन्ही ठिकाणी तो उशिरा सापडतो.

पायाचीच आणखी एक गोष्ट. त्वचेच्या कॅन्सरमधला सर्वांत घातक प्रकार म्हणजे मेलॅनोमा. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पोटऱ्यांवर होतो. सावळ्या आणि काळ्या लोकांत तो मुख्यतः तळपायावर, तळहातावर आणि नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोहोचतच नाही. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली १९७७मध्ये मेलॅनोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा वाटली होती. ११ मे १९८१ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. इथेही कारण आधीच चिकटलेलं होतं.

आता दुसरं नातं: दुसऱ्या आजाराच्या औषधांशी. मागच्या रांगेत आपला एक मित्र बसला आहे. त्याला काही वर्षांपूर्वी आईची किडनी बसवली. 'माझं उदाहरण दे,' असं त्यानेच सांगितलं आहे. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. पण हीच प्रतिकारशक्ती बिघडलेल्या पेशी हुडकून मारण्याचंही काम करत असते. पहारेकऱ्याला झोपवलं की पाहुणा सुखरूप राहतो, आणि चोरालाही मोकळीक मिळते. गोऱ्या लोकांत अवयव बदललेल्या रुग्णांना स्क्वॅमस सेल कॅन्सरचा धोका इतरांच्या साठ-पासष्ट पट किंवा त्याहूनही जास्त आढळला आहे. आपल्या कातडीत तो त्या मानाने बराच कमी असतो. पण झाला तर जांघेत किंवा गुप्तांगाजवळ, म्हणजे माणूस जिथे दाखवायला लाजतो अशा जागी, होण्याचं प्रमाण जास्त असतं. संधिवात, सोरायसिस, आतड्यांचे काही आजार यांतही अशा जातीची औषधं दिली जातात. म्हणून औषध बंद करायचं का? मुळीच नाही. आपला हा मित्र त्या औषधांच्या जोरावर आज इथे बसून जिलेबी खातो आहे. तो एवढंच करतो: पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, सनस्क्रीन, आणि वर्षातून एकदा स्किन स्पेशालिस्टकडून सगळं अंग तपासून घेणं.

तिसरं नातं उलट्या दिशेचं. कधी कधी त्वचाच आतल्या आजाराची वर्दी देते. जुलै १९८१मध्ये अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातल्या २६ पुरुषांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या अंगावर कापोसी सार्कोमाचे जांभळट डाग होते. एरवी हा कॅन्सर क्वचित, आणि तोही म्हाताऱ्या माणसांत दिसायचा. त्या डागांवरून एका नव्या रोगाची चाहूल लागली. पुढे आपण त्याला एड्स म्हणू लागलो.

दुसरं उदाहरण बंगालचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे गावागावांतून रुग्ण येऊ लागले. अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे ठिपके, तळहात-तळपायांवर खरखरीत गाठी. कारण निघालं हातपंपाच्या पाण्यातलं आर्सेनिक. या गाठींतून पुढे त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो. आणि तेच पाणी फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कॅन्सरलाही कारणीभूत ठरतं. पोटातलं विष आधी तळहातावर लिहून आलं होतं. ते वाचणारा डॉक्टर भेटला म्हणून कळलं.

आणि जे नातं नाही तेही सांगायला हवं, कारण आपल्या समाजात त्यावरून लग्नं मोडतात. कोड म्हणजे कॅन्सर नव्हे, कोडाचा कॅन्सर होत नाही, आणि कोड संसर्गजन्यही नाही. उलट, कोड असलेल्या लोकांत मेलॅनोमाचा धोका इतरांपेक्षा कमीच असल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्ती रंगपेशींवरच चाल करून जाते, म्हणून बहुधा असं होत असावं. आपल्याच शाळेत एका मुलीशेजारी बाकावर बसायला मुली तयार नसत, हे आपल्यातल्या काहींना आठवत असेल. तेव्हा शास्त्राच्या बाई स्वतः जाऊन तिच्या शेजारी बसल्या होत्या. बाई, तुमचं बरोबर होतं.

आता थोडा गृहपाठ.

नवी जखम चार आठवड्यांत भरली नाही, तर दाखवा. उपचार चालू असलेली जुनी जखम दोन-तीन महिन्यांत कमी होण्याची चिन्हं दिसत नसतील, कडा वर येत असतील, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखं मांस वाढत असेल, हात लावताच रक्त येत असेल, घाण वास येत असेल किंवा एकाएकी दुखायला लागलं असेल, तर एक वाक्य पाठ करा: "डॉक्टर, याचा तुकडा तपासायला हवा का?" हे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. आणि जागा जुन्या भाजल्याच्या वणावर असेल, तर ते आधी सांगा. डॉक्टरांना तुमचं १९७९ साल माहीत नसतं.

रविवारी अंघोळीनंतर पाच मिनिटं तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखं बघा. आईवडिलांचीही बघा, त्यांना वाकता येत नाही. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांत तपकिरी रेघा असतात, त्या साध्या असतात. पण एकाच नखात नवी काळी रेघ आली, ती रुंदावत चालली, किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, तर दाखवा.

परकराला नाडीऐवजी रुंद पट्टा लावा, गाठ सैल ठेवा, बांधायची जागा अधूनमधून बदला. घरी गेल्यावर आईला हे सांगा. ती ऐकणार नाही, तरी सांगा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'तुकडा काढला, सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. माझ्या आत्याच्या घरीही शेवटच्या आठवड्यात यावरून वाद झाला. त्वचेचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. पसरतो तो न बघता घालवलेल्या महिन्यांत. तुकडा काढायला जागा बधिर करून काही मिनिटं लागतात. वेळेवर सापडला तर त्वचेचा कॅन्सर बहुतेक वेळा तेवढाच भाग काढून पूर्ण बरा होतो. बाहेर, डोळ्यांसमोर होणारा हा कॅन्सर आहे. तो दिसायला यंत्र लागत नाही, नजर लागते.

या शाळेने आपल्याला एक सवय लावली होती. उत्तर बरोबर आलं तरी गणिताचे सर विचारायचे, "ताळा करून पाहिलास का?" जखमेचं कारण ठाऊक असलं, तरी ती भरत नसेल तर ताळा करा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.